सुईणीची नात मेट्रन का होत नाही?

दरवर्षी १२ मे आला की परिचारिका दिन साजरा होतो. यंदा आमच्या कळंब तालुक्यातल्या एका कार्यक्रमाला मीही गेले होते. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या फोटोला हार, मेणबत्त्या, शपथ आणि प्रत्येक सिस्टरला एक गुलाबाचं फूल. प्रमुख पाहुणे बोलायला उठले. "नर्सिंग ही नोकरी नाही, ते व्रत आहे. या क्षेत्रात जात नसते, धर्म नसतो, फक्त सेवा असते." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेली कंत्राटी सिस्टर हळूच म्हणाली, "ताई, व्रताला पगार नसतोय ना, म्हणून आमचा दोन महिन्याचा राहिलाय वाटतं."

ती हसली, मीही हसले. घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण "नर्सिंगमध्ये जात नसते" हे मी समाजकार्यात आल्यापासून ऐकत आले आहे, आणि ते बोलणारा माणूस कधीच शेवटच्या खुर्चीवर बसलेला नसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या मुलींना या पेशाच्या दारातून आत घेतलं जातं, पण आत गेल्यावर वर जाणारा जिना त्यांना सापडत नाही. दार उघडं दाखवायचं आणि जिना काढून घ्यायचा, ही जातिव्यवस्थेची जुनीच रीत आहे.

विटाळ होता तोवर काम आमचं

माझी आजी सुईण होती. आमच्या भागात सुईणपण बहुतेक करून मातंग आणि महार बायकांकडेच होतं. नाळ कापायची, वार पुरायची, बाळंतिणीचे कपडे धुवायचे. पाटलाच्या वाड्यात मध्यरात्री बोलावणं यायचं तेव्हा आजीला मागच्या दाराने आत घेत. मूल सुखरूप झालं की पसाभर जोंधळे आणि जुनं लुगडं मिळे. मग ती बाहेर पडली की तिचा हात लागलेलं सगळं धुवून काढलं जाई. ज्या हातांनी त्या घरातलं पोर जगात आणलं, तेच हात दुसऱ्या दिवशी त्या घराच्या पाण्याच्या घागरीला चालत नसत.

आधुनिक नर्सिंग आपल्याकडे आलं तेव्हा याच विटाळाच्या कल्पनेने सवर्ण घरातल्या मुली त्यापासून दूर राहिल्या. रक्त, लघवी, परपुरुषाचं शरीर, रात्रीची ड्युटी; हे "चांगल्या घरातल्या" बाईचं काम नव्हे असं मानलं गेलं. मिरजेच्या वानलेस रुग्णालयासारख्या मिशनच्या दवाखान्यांनी मुलींना हे शिक्षण दिलं. मराठी मुलखात मिशनकडे गेलेल्यांत अस्पृश्य जातींतून ख्रिस्ती झालेली कुटुंबं मोठ्या संख्येने होती, आणि त्यांच्या मुलींना या शिक्षणाने पहिली वाट दाखवली. १९४६ च्या भोर समितीने हिशेब मांडला तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. एवढ्या मोठ्या देशात आजाऱ्याला हात लावायला माणसं मिळेनात, याचं कारण नुसती गरिबी नव्हती.

पुढे या कामाला सरकारी वेतनश्रेणी लागली, पेन्शन लागलं, आणि विटाळ आपोआप विरला. आज शासकीय सेवेत अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होतं. कुठल्याही जातीच्या मुलीने या पेशात यावं, त्यात वाईट काहीच नाही. प्रश्न एवढाच आहे की काम घाणेरडं होतं तोवर ते आमच्या गळ्यात होतं, आणि त्याला मान आला तेव्हा आम्ही कोणत्या पायरीवर उरलो?

एका गणवेशात चार वर्ण

बाहेरच्या माणसाला सगळ्या "सिस्टर"च दिसतात. आत मात्र उतरंड आहे. सगळ्यात खाली दोन वर्षांची एएनएम. तिच्यावर तीन वर्षांची जीएनएम. तिच्यावर चार वर्षांची बीएस्सी. मग एमएस्सी. सरकारी पदांची नावं बघा: आरोग्य सेविका, अधिपरिचारिका, परिसेविका, पाठ्यनिर्देशिका, सहाय्यक अधिसेविका, अधिसेविका. शेवटची म्हणजे मेट्रन. कोणती मुलगी कोणत्या पायरीवरून सुरुवात करणार, हे रुग्णालयात ठरत नाही. ते दहावीनंतरच्या जून महिन्यात ठरतं.

बीएस्सी नर्सिंगला बारावी विज्ञान लागतं; भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी. २०२३ पासून राज्यात त्यासाठी स्वतंत्र सीईटी आहे. एएनएम आणि जीएनएमला कला शाखाही चालते. आता कळंब तालुक्यातल्या एखाद्या वस्तीत या. आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळायला मागे राहते, नाहीतर कोयत्याबरोबर फडावर जाते. गावात विज्ञान शाखा नाही. लातूरच्या शिकवणीचं नाव ऐकलं की बाप मान खाली घालतो. ही मुलगी बारावी कला होते आणि एएनएमला जाते. मग कोणी म्हणतं, "तुमच्या मुलींना एएनएमच जमतं." अरे, जमतं कसलं, तेवढंच समोर ठेवलं आहे!

त्यात कागदांची वेगळीच परीक्षा. व्यावसायिक प्रवेशाच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जुन्या नोंदी उर्दूत नाहीतर मोडीत. आजोबा शाळेतच गेले नाहीत, तर त्यांच्या शाळेचा निर्गम उतारा कुठून आणायचा? बौद्धांची आणखी एक अडचण. १९९० मध्ये केंद्राने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती करून बौद्धांना सवलती दिल्या, तरी दाखल्यावर "बौद्ध", मूळ जात आणि नमुना यांचा मेळ बसला नाही की खिडकीवरचा बाबू अर्ज परत ढकलतो. माझ्याकडे येणाऱ्या दर हंगामातल्या मुलींत दोन-तीन तरी अशा असतात, ज्यांचे गुण पुरेसे असतात आणि कागद अपुरे.

एएनएम होणं कमीपणाचं आहे, असं मी अजिबात म्हणत नाही. ५,००० लोकसंख्येचं उपकेंद्र तिच्या खांद्यावर चालतं. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, रात्रीचं बाळंतपण, वर ऑनलाइन नोंदी. पण दहा-पंधरा वर्षं उपकेंद्र सांभाळलेल्या बाईचा तो अनुभव पुढच्या पदवीकडे धरला जात नाही. बढती झालीच तर आरोग्य सहाय्यिका, आणि तिथे रस्ता जवळजवळ संपतो. जीएनएम करायचं तर पुन्हा पहिल्यापासून तीन वर्षं, बहुधा बिनपगारी. घर चालवणारी बाई हे कसं करणार?

कंत्राट नावाचा नवा गावगाडा

दुसरा जिना नोकरीत होता. कायम पद, बिंदुनामावली, सेवाज्येष्ठता, बढती. तोही आता काढून घेतला जात आहे.

राष्ट्रीय आरोग्य अभियानात हजारो परिचारिका ११ महिन्यांच्या आदेशावर वर्षानुवर्षं काम करतात. जाहिरातीत प्रवर्ग दिसतात, हे खरं. पण ज्या पदाला ज्येष्ठताच नाही, त्या पदावरून कोणी परिसेविका होत नाही. १० वर्षं झालेल्यांना सामावून घेण्याचा निर्णय सरकारने मार्च २०२४ मध्ये घेतला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी २०२५ मध्ये पुन्हा संप करावा लागला. मे २०२२ मध्ये शासकीय परिचारिकांनी बाह्यस्रोताने भरतीच्या विरोधात संप केला, तेव्हा वर्तमानपत्रांनी रुग्णांचे हाल छापले. ते छापायलाच हवेत. पण एजन्सीमार्फत भरलेल्या पदाला आरक्षण लागत नाही, हे किती जणांनी छापलं?

सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय आठवा. नऊ खासगी एजन्सींमार्फत शासकीय पदं भरण्याची तयारी झाली होती. राज्यभर ओरड झाली आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. ओरड झाली म्हणून रद्द झाला, हे लक्षात ठेवा. आरक्षण रद्द करायला आता घटनादुरुस्ती लागत नाही. पद रद्द केलं की आरक्षण आपोआप जातं.

बढतीचंही तेच. ७७ व्या घटनादुरुस्तीने १९९५ मध्ये अनुसूचित जाती-जमातींना पदोन्नतीतलं आरक्षण दिलं. महाराष्ट्राचा २००४ चा निर्णय उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये रद्द ठरवला. मग ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीतली सगळी पदं सेवाज्येष्ठतेने भरायचं ठरलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत आमच्या सिस्टर पीपीई किटमध्ये घामाने भिजत होत्या, त्याच महिन्यात त्यांच्या बढतीचा कागद मंत्रालयात फिरला. संध्याकाळी थाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जण त्यावर बोलले?

खासगी दवाखान्यातली बिगारी

सरकारी जागा निघत नाहीत म्हणून मुली लातूर, सोलापूर, पुण्याच्या खासगी दवाखान्यांत जातात. मागच्या वर्षी आमच्या वस्तीतली एक मुलगी माझ्याकडे आली. जीएनएम झालेली, एका मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयात लागलेली. "ताई, मला सोडायचंय, पण मूळ सर्टिफिकेट त्यांच्याकडं अडकलंय. बाँडचे पैसे भर म्हणतेत." तिने विज्ञान शाखेचं कर्ज काढून बीएस्सीच्या पुढच्या वाटेचं स्वप्न पाहिलं होतं आणि तिची सनद कुणाच्या तरी कपाटात पडली होती. आम्ही पत्रव्यवहार केला, वकिलाची नोटीस दिली, तीन महिन्यांनी कागद परत मिळाले. पण तोवर त्या वर्षाचे प्रवेश संपले होते.

हा एका दवाखान्याचा किस्सा नाही. २०११ मध्ये मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात केरळच्या एका तरुण परिचारिकेने आत्महत्या केली, तेव्हा बाँड आणि अडकवलेल्या कागदांचा प्रश्न देशभर गाजला. परिचारिकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने शिफारस केली: २०० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतकं वेतन, १०० ते २०० खाटांच्या ठिकाणी त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांच्या ठिकाणी फार तर २५ टक्के कमी, आणि अगदी ५० खाटांखालच्या दवाखान्यातही महिना किमान २०,००० रुपये. केरळच्या परिचारिका रस्त्यावर उतरल्या आणि २०१८ मध्ये राज्याकडून २०,००० च्या किमान वेतनाची अधिसूचना काढून घेतली. आमच्या भागातल्या मुलींना विचारा, हातात किती पडतात. बहुतेकींचा आकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास थांबतो.

आणि मूल होणार म्हटलं की नोकरी गेली. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले होते. २०१७ च्या दुरुस्तीने ती रजा २६ आठवड्यांची झाली. दुसऱ्यांची बाळंतपणं करणाऱ्या बाईला स्वतःच्या बाळंतपणात घरी बसवतात, याहून मोठी थट्टा कोणती?

"पण आयसीयूत कोण जात विचारतं?"

हा प्रश्न मला दर वेळी विचारतात. रुग्ण शुद्धीवर नसतो तेव्हा विचारत नाही, हे मान्य. ड्युटी लावणारा मात्र शुद्धीवर असतो. जखमेतले किडे काढायला, बेवारस रुग्णाला आंघोळ घालायला दर वेळी कोणाला पुढे करतात आणि पाहुणे आले की काउंटरवर कोणाला बसवतात, हे वॉर्डात पंधरा दिवस उभं राहून बघा. मुलीचं आडनाव ऐकून "तुमचं मूळ आडनाव काय?" विचारणारी सिस्टर मला स्वतःला भेटली आहे. डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी गेली. आदिवासी समाजातली, स्त्रीरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर. जातीय छळाच्या आरोपाने तेव्हा देश हादरला होता. डॉक्टरची ही गत, तर ट्रेनी नर्सने तक्रार कोणाकडे करायची?

याचा फटका रुग्णालाही बसतो. घनश्याम शहा आणि सहकाऱ्यांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११ राज्यांतली ५६५ गावं पाहिली होती. त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश गावांत आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जायला नकार देत होते. आता पारधी वस्तीवर आरोग्य सेविका वस्तीच्या तोंडाशी उभी राहून "बाया इकडंच घेऊन या" म्हणते तेव्हा मला तो अभ्यास आठवतो. त्या वस्तीतली एक मुलगी सिस्टर झाली तर किती लेकरांचं लसीकरण चुकणार नाही! सर्वसमावेशकता म्हणतात ती हीच. तामिळनाडूने २०१९ मध्ये ट्रान्सजेंडर परिचारिकेला सरकारी नेमणूक दिली, तेव्हा रुग्णसेवेचं काही बिघडलं नाही.

दोषाच्या वेळीही उतरंड उलटी फिरते. नोव्हेंबर २०२१ मध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, ११ रुग्ण गेले. अटक झाली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. वायरिंग, अग्निशमन, निधी या गोष्टी ज्यांच्या सहीने ठरतात ते त्या दिवशी कुठे होते? मान वर जातो आणि दोष खाली येतो. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ते यालाच.

हे दुसरीकडेही झालं, आणि मोडलंही

ब्रिटनमध्ये युद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून काळ्या मुलींना नर्सिंगसाठी बोलावलं. त्यांपैकी अनेकींना तीन वर्षांच्या नोंदणीकृत परिचारिकेच्या शिक्षणाऐवजी दोन वर्षांच्या दुय्यम अभ्यासक्रमात घातलं गेलं. त्या पात्रतेवर बढती नव्हती, आणि मायदेशी परतल्यावर किंमतही नव्हती. आपल्या एएनएमची गोष्ट वाटते ना?

अमेरिकेत मेरी एलिझा महोनी १८७९ मध्ये पहिली प्रशिक्षित काळी परिचारिका झाली. तरी दक्षिणेकडच्या राज्यांत परिचारिकांच्या संघटना काळ्या स्त्रियांना सदस्य करून घेत नसत. तेव्हा त्यांनी १९०८ मध्ये स्वतःची राष्ट्रीय संघटना उभारली. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने काळ्या परिचारिकांची संख्या मर्यादित ठेवली, तेव्हा मेबल स्टॉपर्स थेट एलिनॉर रूझवेल्ट यांना जाऊन भेटल्या आणि जानेवारी १९४५ मध्ये सैन्याला ती मर्यादा उठवावी लागली. दारं उघडल्यावरच, १९५१ मध्ये, त्यांनी आपली संघटना मोठ्या संघटनेत विलीन केली. आधी संघटना, मग समता. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे आपण भिंतीवर लिहितो. त्यांनी ते वॉर्डात करून दाखवलं.

आता आपल्याच लोकांशी थोडं

व्यवस्थेला शिव्या देऊन लेख संपवणं सोपं आहे. पण आपणही आरशात बघू. आपल्यातल्या शिकलेल्या घरांना मुलगी डॉक्टर, इंजिनिअर, नाहीतर एमपीएससीवाली हवी. नर्सिंगला गेली की "काही जमलं नाही म्हणून गेली". लग्न ठरवताना "नाइट ड्युटी नको" ही अट जयभीमवाली घरंही घालतात. पगार हवा, गणवेश नको! बाहेरचा मनू दिसतो, घरातला दिसत नाही.

सावित्रीमाईंची आठवण आपण ३ जानेवारीला काढतो. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगने ग्रासलेलं पोर पाठीवर घेऊन त्या यशवंतच्या दवाखान्यात गेल्या आणि त्याच रोगाने १० मार्चला गेल्या. त्यांच्या कामाला आपण त्याग म्हणतो आणि आपल्या मुलीच्या त्याच कामाला कमीपणा म्हणतो, हे कसं चालेल? मात्र सावित्रीमाईंचं नाव घेऊन कोणी "फुकट सेवा करा" म्हणत असेल, तर त्यालाही सांगायला हवं की त्यांनी आयुष्यभर मुलींना आधी शिकवलं.

१४ एप्रिलला डीजेचं एका रात्रीचं भाडं किती जातं ते आपल्याला माहीत आहे. त्या पैशात वस्तीतल्या मुलींना वर्षभर विज्ञान आणि इंग्रजीची शिकवणी होते. जयंतीच्या मंडपात दोन दिवस जात वैधतेचं शिबिर लावा, उर्दू-मोडी वाचणारा एक माणूस बसवा, सीईटीचे अर्ज भरून द्या. मातंग, चर्मकार, पारधी मुलींनाही हाक मारा. बुद्धविहाराचं दार आपल्याच वस्तीपुरतं उघडं ठेवलं तर आपण शिकलो काय?

आणि सरकारकडे मागण्या ठणकावून मांडू:

१. परिचारिकांची सर्व रिक्त पदं कायमस्वरूपी, बिंदुनामावलीनुसार भरा. बाह्यस्रोत बंद करा.

२. सेवेतल्या एएनएमला पगारी रजेवर जीएनएम आणि जीएनएमला पोस्ट बेसिक बीएस्सी करण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात राखीव जागा द्या. धाराशिवला वैद्यकीय महाविद्यालय झालं, तिथूनच सुरुवात करा.

३. २०१६ च्या समितीच्या शिफारशींप्रमाणे खासगी परिचारिकांच्या किमान वेतनाची अधिसूचना काढा. मूळ कागद अडकवणाऱ्या रुग्णालयाची नोंदणी तपासा.

४. परिसेविकेपासून अधिसेविकेपर्यंत प्रत्येक पदावर कोणत्या प्रवर्गाच्या किती स्त्रिया आहेत, ती यादी दरवर्षी जाहीर करा. लपवण्यासारखं काही नसेल तर दाखवायला काय हरकत?

५. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचर्याही आहे. त्याचे भाषावर्ग पुण्या-मुंबईपुरते नकोत. बार्टीने ते तालुक्याला आणावेत.

त्या कार्यक्रमातून निघताना कंत्राटी सिस्टरने हातातलं गुलाबाचं फूल माझ्याकडे दिलं. "तुम्हीच ठेवा ताई, ड्युटीवर कुठं ठेवू?" मी ते घरी आणून आजीच्या फोटोपाशी ठेवलं. आजीला कोणी फूल दिलं नव्हतं. तिच्या नातींना फूल मिळालं, तेवढ्यावर समाधान मानणारे खुशाल मानोत. आम्हाला मेट्रनची खुर्ची हवी आहे, आणि ती मिळेपर्यंत दर १२ मे ला आम्ही शेवटच्या रांगेतून उभं राहून हाच प्रश्न विचारणार आहोत.

जय भीम! जय सावित्री! जय संविधान!